केबलमध्ये पाणी शिरलं म्हणे

१७ सप्टेंबर १९४८च्या संध्याकाळी निजामानं रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. मराठवाड्यात दरवर्षी या दिवशी झेंडावंदन होतं, स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार घातला जातो, रझाकारांच्या जुलमाची आठवण निघते. त्या रेडिओबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. हैदराबाद संस्थानातला रेडिओ १९३०च्या दशकातच निजाम सरकारच्या ताब्यात गेला होता. मुख्य केंद्र हैदराबादला आणि दुसरं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. हार जाहीर करायला तोच रेडिओ वापरला गेला. त्याआधी लोकांना काय सांगायचं नाही, हेही त्याच रेडिओचे मालक ठरवत होते.

हुकूमशाहीत स्वतंत्र प्रसारकाचा नेमका उपयोग काय, हे समजून घ्यायचं तर मराठवाड्यापासूनच सुरुवात करावी, कारण इथं तो नव्हताच. त्याच्या नसण्याची किंमत इथल्या लोकांनी मोजली आहे.

निजामाच्या राज्यात 'गश्ती निशाण ५३' नावाचा हुकूम होता. त्यानुसार सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे. वर्तमानपत्रांवरही तशीच करडी नजर. तरीही छापील कागद कसाबसा तग धरून होता. आ. कृ. वाघमाऱ्यांचं 'मराठवाडा' १९३८ साली निघालं आणि बंदी आली की नवं नाव घेऊन पुन्हा निघत राहिलं. खुद्द हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान संस्थानानं भारतात विलीन व्हावं असं उघड लिहीत होते. ऑगस्ट १९४८मध्ये त्यांचा खून झाला.

रेडिओवर मात्र असा एकही बंडखोर दिसत नाही, आणि त्याचं कारण भित्रेपणा नव्हे. छापखाना हद्दीबाहेर हलवता येतो, अंक गाठोड्यात घालून आत आणता येतात. रेडिओला मनोरा लागतो, वीज लागते, परवाना लागतो. मनोरा लपवता येत नाही. प्रसारणाचा सगळा मामला इथंच वेगळा होतो. जे माध्यम सगळ्यांत जास्त लोकांपर्यंत पोचतं, निरक्षरांपर्यंतही पोचतं, त्याचीच मान सरकारला सगळ्यांत सहज पकडता येते.

निजाम गेला म्हणून हे बदललं का? नाही. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारतीय लष्कराच्या कारवाईच्या, वेळी आणि त्यानंतरच्या दिवसांत संस्थानात मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा सावध अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, उरलेले दोन बीदर आणि गुलबर्गा. हा अहवाल सरकारनं प्रसिद्धच केला नाही. लोकांना तो सहज पाहायला मिळाला तो थेट २०१३च्या सुमारास. रझाकारांनी केलेले अत्याचारही खरे आणि हेही खरं. पण त्या काळात दोन्ही गोष्टी एका दमात सांगेल असा आवाज हवेत नव्हता. मालक बदलला, मनोरे तेच राहिले. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रं आकाशवाणीकडे आली.

आता 'स्वतंत्र' म्हणजे काय ते पाहू. इथं बहुतेकांची गल्लत होते.

सरकारविरोधी असला की प्रसारक स्वतंत्र झाला, असं नाही. १९४२च्या चलेजाव चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालेला हा रेडिओ जागा बदलत बदलत चालला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. जी बातमी छापायला वर्तमानपत्रं धजावत नव्हती, ती या रेडिओनं दिली. आष्टी-चिमूरमध्ये काय घडलं, हेही त्यानं सांगितलं. धाडस वादातीत. पण तो चळवळीचा रेडिओ होता. त्याचं काम लोकांना उठवणं, चळवळीच्या चुका दाखवणं नव्हे.

खाजगी असला म्हणजे स्वतंत्र, असंही नाही. रवांडात १९९३ साली सुरू झालेलं आरटीएलएम हे रेडिओ केंद्र कागदोपत्री खाजगी होतं. १९९४च्या नरसंहारात त्यानं तुत्सी जमातीविरुद्ध चिथावणी दिली, माणसं कुठं लपली आहेत हेसुद्धा सांगितलं. त्याच्या एका संस्थापकाला पुढं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं दोषी ठरवलं. सरकारची री ओढायला सरकारी पगारच लागतो असं नाही.

मग खूण काय? माझ्या मते एकच. आपल्याला प्रिय असलेल्या बाजूला गैरसोयीची बातमी तो देतो का? मोर्चाला पन्नास हजार माणसं आली असं आयोजक म्हणत असतील आणि बातमीदाराला दहा हजारच दिसली, तर तो दहा हजारच सांगतो का? कळलं नसेल तिथं 'अजून खात्री झालेली नाही' असं म्हणतो का? स्वतंत्र प्रसारकाचं रोजचं काम असं रुक्ष असतं. सिनेमातल्यासारखं माईकसमोर गर्जना करण्याचे प्रसंग क्वचितच येतात.

सरकारी प्रसारक मुळात खोटारडा असतो, असंही मानायचं कारण नाही. परभणीचं आकाशवाणी केंद्र १९६८चं. शेतीचे कार्यक्रम, हवामान, बाजारभाव, भक्तिगीतं यातलं काहीच खोटं नसतं. किंबहुना नव्वद टक्के वेळा खरं बोलून कमावलेला विश्वास नेमक्या वेळी एका खोट्यासाठी, किंवा एका मौनासाठी, खर्च करता येतो. हुकूमशहाला असा विश्वासू रेडिओ हवाच असतो.

याचा तोटा पुन्हा त्यालाच होतो, आणि तो तोटा मराठवाड्याला वेगळा समजावून सांगायला नको. बहात्तरचा दुष्काळ. खडी फोडणं, पाझर तलावाची कामं, मिलो, सुकडी हे शब्द अजूनही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. त्या दुष्काळात महाराष्ट्रात ऐन कडाक्यात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. हाल अतोनात झाले, गुरं मेली, गावंच्या गावं उठून गेली. पण लाखोंनी भूकबळी गेले नाहीत. अमर्त्य सेन यांनी याच दुष्काळाचं उदाहरण घेऊन एक गोष्ट दाखवून दिली. निवडणुका होतात आणि बातम्या मोकळेपणानं येतात, अशा देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही. मोर्चे निघतात, विधानसभेत आरडाओरडा होतो, पेपरात बातमी येते, आणि सरकारला नको असलं तरी काम काढावं लागतं.

याच्या उलट १९५८ ते १९६१चा चीन. खालच्या अधिकाऱ्यांनी वरच्यांना खूश करायला पिकाचे आकडे फुगवले. वरच्यांनी तेच खरे धरले, कारण 'हे आकडे खोटे आहेत' असं जाहीरपणे म्हणायची कुणाला सोय नव्हती. सेन यांच्या मांडणीनुसार बीजिंगमधले नेते आपल्याकडे प्रत्यक्षापेक्षा १० कोटी टन धान्य जास्त आहे असं समजून चालले होते. कोट्यवधी माणसं उपाशी मेली. मुस्कटदाबी केली की लोक गप्प बसतात हे राज्यकर्त्याला दिसतं, पण त्याचबरोबर तो स्वतः बहिरा होतो हे उशिरा कळतं. तहसीलदारानं कलेक्टरला पाठवलेला अहवाल आणि बातमीदारानं बांधावर जाऊन दिलेली बातमी यांत फरक पडला तर कुणीतरी चौकशी करतं. फरक पडायला दुसरी बातमीच नसेल तर चौकशी कसली?

आणखी एक गोष्ट आहे, जरा बारीक. जुलमी राज्यात बऱ्याच जणांना खरं काय ते माहीत असतं. आपल्या गावात काय झालं ते प्रत्येकाला ठाऊक असतं. पण शेजारच्या गावाला ते ठाऊक आहे की नाही, हे ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येकजण स्वतःला एकटा समजतो. रेडिओवर तीच गोष्ट ऐकली की आपल्यासारखी हजारो माणसं या क्षणी हेच ऐकताहेत, हे प्रत्येकाला कळतं. हातोहात फिरणाऱ्या पत्रकानं हे होत नाही, एकाच वेळी सगळ्यांच्या कानावर पडणाऱ्या आवाजानं होतं. राज्यकर्त्याची खरी भीती या 'एकाच वेळी'ची असते.

सर्बियातलं बी-९२ हे याचं उत्तम उदाहरण. बेलग्रेडमध्ये मे १९८९ला तरुणांसाठी जेमतेम दोन आठवड्यांचा प्रयोग म्हणून हे केंद्र सुरू झालं आणि बंद व्हायचं विसरूनच गेलं. संगीत वाजवायचं, टिंगल करायचं आणि बातम्या नीट द्यायचं. नोव्हेंबर १९९६मध्ये बेलग्रेडसह अनेक शहरांत राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांच्या विरोधकांनी स्थानिक निवडणुका जिंकल्या आणि सरकारनं ते निकाल रद्द केले. लोक रोज रस्त्यावर उतरू लागले. सरकारी टीव्हीला गर्दी दिसत नव्हती, बी-९२ला दिसत होती. ३ डिसेंबरला या केंद्राचा आवाज बंद पडला. सरकारी खुलासा असा, की ट्रान्समीटरच्या केबलमध्ये पाणी शिरलं होतं.

हा खुलासा वाचून आपल्याकडच्या माणसाला हसू येईल. 'वरून लाइन गेली आहे' हे उत्तर आपण काही कमी वेळा ऐकलेलं नाही. पण बंदीला बंदी न म्हणता बिघाड म्हणण्यात मोठी सोय असते. कोर्टात आव्हान द्यायला हुकूमच नसतो आणि बाहेरच्या देशांना उत्तर द्यायला कारण तयार असतं.

बी-९२च्या लोकांनी मग कार्यक्रम इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. १९९६ साली इंटरनेट असणारी माणसं अशी कितीशी? पण तो आवाज बीबीसी आणि व्हॉइस ऑफ अमेरिका यांनी उचलला आणि आपल्या लहरींवरून परत सर्बियात सोडला. पूर्वी बेलग्रेडपुरतं ऐकू येणारं केंद्र आता देशभर पोचलं. सुमारे ५१ तासांत सरकारनं ट्रान्समीटर मुकाट्यानं पुन्हा चालू होऊ दिला. पुढं या केंद्रानं गावोगावच्या छोट्या केंद्रांची साखळी बांधली, कारण एक मनोरा पाडणं सोपं असतं आणि तीस मनोरे एका रात्रीत पाडणं अवघड. मार्च १९९९मध्ये नाटोचे बॉम्ब पडू लागले त्या दिवशी पहाटेच ट्रान्समीटर जप्त झाला, मुख्य संपादकाला पोलिसांनी धरून नेलं, आणि आठवडाभरानंतर केंद्रच सरकारी माणसांनी ताब्यात घेतलं. हे लोक दुसऱ्या लहरीवर बी-२-९२ या नावानं परत आले. नाव बदलून निघणाऱ्या 'मराठवाडा'च्या पठडीतलेच म्हणायचे. ऑक्टोबर २०००मध्ये मिलोशेविच गेले.

रशियात याहून सफाईदार पद्धत वापरली गेली. दोश्द नावाची स्वतंत्र वृत्तवाहिनी होती. २०१४ साली तिनं दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यावर एक प्रश्न प्रेक्षकांना विचारला, त्यावर गदारोळ झाला आणि केबल कंपन्यांनी एकेक करून ती आपल्या यादीतून काढली. सरकारनं बंदी घातलेली नव्हती. मग स्टुडिओच्या जागेचा भाडेकरार पुढं वाढवला गेला नाही, आणि काही काळ ही वाहिनी एका फ्लॅटमधून चालली. 'एको मॉस्क्वी' या प्रसिद्ध रेडिओची बहुतांश मालकी सरकारी गॅस कंपनीच्या माध्यम कंपनीकडे होती. वीसेक वर्षं ती तशीच पडून होती. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं आणि आठवड्याभरात संचालक मंडळानं केंद्र गुंडाळलं. लष्कराबद्दल 'खोटी माहिती' दिली तर १५ वर्षांपर्यंत कैद, असा कायदा त्याच आठवड्यात आला.

घरमालक, केबलवाला, जाहिरातदार, भागधारक. बंदीचा हुकूम काढायची वेळच येऊ नये, एवढे धागे आधीच हातात असतात.

तालुक्याच्या गावी कुठल्याही केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये डोकावून पाहिलं तर हे चटकन लक्षात येतं. गच्चीवर डिश, खाली एसी लावलेली खोली, आणि पूर्वी लोखंडी रॅकमध्ये एकावर एक रचलेले रिसिव्हर. एका खोक्यावर एक चॅनल, खोक्यावर पेननं नाव लिहिलेली चिकटपट्टी. एक पिन उपटली की गावातनं ते चॅनल गेलं, आणि 'सिग्नलला प्रॉब्लेम आहे' एवढं सांगितलं की झालं. डिजिटल सेट-टॉप बॉक्स आल्यापासून पिन उपटायचीही गरज उरली नाही, सिग्नल मोठ्या कंपनीकडून येतो. १९९५च्या केबल कायद्यानुसार जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा पोलीस आयुक्त सार्वजनिक शांततेच्या कारणावरून केबलवरचं प्रसारण रोखू शकतात. दंगलीच्या वेळी या अधिकाराची गरज पडते हे नाकारता येत नाही. पण अधिकार एकदा हाताशी असला की गरज कशाला म्हणायचं, हे ज्याच्या हाती अधिकार तोच ठरवतो.

आणीबाणीत आपण हे पाहिलं. २५ जून १९७५च्या रात्री दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या, तिथली वीज अर्थातच व्यवस्थित होती. औरंगाबादेत 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले. किशोरकुमार यांनी सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून त्यांची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. बातमी दाबलेली सामान्य माणसाला कळत नाही, पण आवडीचा गायक ऐकू येईनासा झाला की कुठंतरी काही बिनसलंय हे न शिकलेल्यालाही उमगतं.

तेव्हा खरी बातमी हवी असणारे बीबीसीची हिंदी सेवा लावायचे. बीबीसीच्या मार्क टली यांना सरकारनं २४ तासांत देश सोडायला लावला होता, पण लंडनहून येणारी लहर कुणाला हाकलता येत नव्हती. याचं कारण साधं आहे. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, फार तर पन्नाससाठ किलोमीटर, त्यामुळं तिचा मनोरा देशातच, सरकारच्या आवाक्यात असावा लागतो. शॉर्टवेव्हची लहर वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटर दूर उतरते. तिला रोखायचं तर त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट सोडावा लागतो, म्हणजे गल्लीत डीजे लावून शेजारचं कीर्तन बुडवायचं तसं. सोव्हिएत रशियानं हे कित्येक दशकं केलं, आणि देश मोठा असल्यानं गावोगाव गोंगाटाचे ट्रान्समीटर उभे करताना अफाट पैसा ओतला. ऐकणाऱ्याला मात्र एक ट्रान्झिस्टर आणि चार सेल पुरायचे. कोण ऐकतंय याची कुठं नोंदही होत नव्हती.

मोबाइलवर नेमकं उलटं आहे. कुणी काय पाहिलं याची नोंद राहते, आणि अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट एका आदेशानं बंद होतं. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट थांबलं. अफवा थांबवणं हा हेतू रास्त असेल. पण अफवेला इंटरनेट लागत नाही, साध्या फोनवरही ती चालते, आणि तिला खोडून काढणारी बातमी तेवढी अडकून पडते. अशा वेळी त्या भागात ज्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास आहे असा एखादा रेडिओ असता, तर तासातासाला 'अमुक रस्ता सुरू आहे, अमुक ठिकाणी काहीही झालेलं नाही' एवढं सांगूनही त्यानं बरंच काही वाचवलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

देशात जागा उरली नाही की प्रसारक परदेशातून बोलतो. म्यानमारचा 'डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा' १९९२ साली ऑस्लोत सुरू झाला. २००७मध्ये भिक्खूंच्या आंदोलनाची दृश्यं त्याच्या बातमीदारांनी लपवलेल्या कॅमेऱ्यांतून बाहेर काढली. पुढं वातावरण निवळलं तेव्हा ही मंडळी मायदेशी परतली, आणि २०२१च्या लष्करी उठावानंतर परवाना रद्द होऊन पुन्हा परागंदा झाली. पण परदेशात सगळं आलबेल असतं असंही नाही. दोश्दला लॅटव्हियानं जून २०२२मध्ये परवाना दिला. डिसेंबरमध्ये एका निवेदकाच्या तोंडून रशियन सैनिकांना मदत पोचवल्यासारखं वाक्य गेलं. वाहिनीनं त्याला लगेच काढलं, तरी लॅटव्हियानं परवाना काढून घेतला. पुढचा परवाना नेदरलँड्सकडून मिळाला. युद्धाच्या सावलीतल्या देशाची चिंता समजण्यासारखी आहे, पण एका वाक्यासाठी अख्खी वाहिनी बंद करणं मला पटत नाही.

राहता राहिला आपल्याकडचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ला स्वच्छ सांगितलं, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. टीव्हीवर त्यानंतर खाजगी वृत्तवाहिन्यांचा महापूर आला. रेडिओवर मात्र खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. सामुदायिक रेडिओची दारं संस्था-संघटनांना २००६च्या धोरणानं उघडली. शंभर वॉटपर्यंतचं छोटं केंद्र, पाचदहा गावांपुरतं, दुष्काळी पट्ट्याला अगदी साजेसं. तिथंही बातम्यांचं तेच. हवामान, परीक्षा, वाहतूक, वीज आणि पाणीपुरवठा यांची माहिती 'बातमी' धरली जात नाही, म्हणून ती देता येते. टँकर किती वाजता येणार हे असं केंद्र सांगू शकतं. टँकरच्या खेपा कागदावर किती आणि गावात किती, हे शोधून काढणारं बातमीपत्र त्याला चालवता येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, सप्टेंबर २०२३मध्ये खाजगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी अशी शिफारस केली. ती मान्य करायची की नाही, हे सरकारनं ठरवायचं असतं.